निर्णयांचे माप



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शिक्षण आय.टी.आय.मधल्या टर्नरच्या वर्गापर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो, ते नगर वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि संपाच्या मंडपात. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने मला हटकलेच. म्हणाला, "अहो, तुम्ही जन्मभर लेथवाल्यांची युनियन चालवली. डिजिटल मार्केटिंग कंपनीबद्दल तुम्ही काय बोलणार?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. आमच्या सभासदांची मुले आता लेथवर येत नाहीत. ती शिकली, पदवीधर झाली आणि बाणेरला, खराडीला, बावधनला काचेच्या इमारतींत बसू लागली. शनिवारी संध्याकाळी युनियनच्या कचेरीत पूर्वी तेलाचे डाग पडलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या यायच्या. हल्ली मोबाईल पुढे होतो. "काका, हे जरा वाचा," असे म्हणून एखादी मुलगी रात्री साडेअकरा वाजता आलेला साहेबाचा निरोप मला दाखवते. शब्द नवे असतात, पण तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची निघते. ती ओळख तुम्हांला करून द्यावी, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम हा धंदा काय आहे ते पाहू. कारण या सभागृहातल्या पुष्कळ आईबापांना आपला मुलगा तिथे नेमके काय करतो, हे सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर काहीतरी जाहिरातीचे" एवढेच आपण शेजाऱ्याला सांगतो.

समजा, एका बिल्डरला सदनिका विकायच्या आहेत. पूर्वी तो वर्तमानपत्रात जाहिरात देई आणि रस्त्यावर फलक लावी. आता तो एका कंपनीला दरमहा ठरावीक मोबदला देतो आणि जाहिरातीचा खर्च निराळा देतो. ही कंपनी त्याच्यासाठी मजकूर लिहिते, चित्रे आणि चित्रफिती तयार करते आणि त्या गूगलवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर चढवते. तुम्ही गूगलवर "चिंचवडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट" असे लिहिले की त्याच क्षणी तिथे एक लिलाव होतो. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या लिलावासारखाच, फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत आटोपणारा. जागा कोणाला मिळायची हे बोली किती आणि जाहिरात किती उपयोगी, या दोन्हींवरून ठरते. तुम्ही जाहिरातीवर बोट ठेवलेत की बिल्डरच्या खात्यातून पैसे गेले. गूगलने ही जाहिरातीची सोय ऑक्टोबर 2000 मध्ये सुरू केली, तेव्हा जेमतेम साडेतीनशे जाहिरातदार तिथे होते. आज गल्लीतला दातांचा डॉक्टरसुद्धा त्या लिलावात उतरलेला आहे.

बोट ठेवल्यावर एक पान उघडते. त्यावर तुम्ही नाव आणि फोन नंबर भरता. त्या नंबराला या धंद्यात 'लीड' म्हणतात. पुढे बिल्डरच्या कचेरीतून कोणी फोन करते, तुम्ही जागा पाहायला जाता, भाव विचारता आणि जमले तर घेता. आता या साखळीच्या कड्या मोजा. सदनिकेचा भाव बिल्डरने ठरवला. जागा स्टेशनपासून किती लांब, तेही त्यानेच ठरवले. जाहिरातीवर किती खर्चायचे ते त्याने आणि कंपनीच्या डायरेक्टरने मिळून ठरवले. आलेल्या नंबराला फोन करायचा की नाही, हे बिल्डरच्या कचेरीतल्या माणसाच्या मर्जीवर. आमच्या मुलीच्या हातात राहिले काय? मजकूर, चित्र, शब्दांची निवड आणि पैशांची वाटणी. काम महत्त्वाचे आहे आणि कौशल्याचेही आहे, पण ती सबंध साखळीतली एखाददुसरीच कडी. महिनाअखेरीस मात्र सगळ्या साखळीचा हिशेब एकट्या तिच्या नावासमोर लाल अक्षरांत मांडला जातो.

माझे आजचे म्हणणे असे आहे. या धंद्यात सगळे काही मोजतात. किती जणांनी पाहिले, किती जणांनी बोट ठेवले, एका चौकशीला किती रुपये पडले, मुलगी किती वाजता जागेवर बसली आणि किती वाजता उठली, हे सारे मोजतात. मोजायचे राहते ते एकच. वरच्या मजल्यावर जो निर्णय घेतला गेला तो कोणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला आणि त्याचे पुढे काय झाले, याची कुठेही नोंद नसते. वरच्यांची बेशिस्त जन्मते ती इथे. साहेबाचा तापट स्वभाव ही त्या मानाने किरकोळ गोष्ट आहे.

हा रोग नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत एक रीत होती. विणलेल्या कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत त्याच्या पगारातून कापून घ्यायची. विणकराचा हात चुकत नसे असे मी म्हणत नाही. पण कापसाच्या मिश्रणात हलका माल घालायचे वर कोणीतरी ठरवायचे. मग सूत कमजोर निघायचे, मागावर धागा पुन्हा पुन्हा तुटायचा आणि कापडाला डाग लागायचा. मिश्रणाचा निर्णय ज्याने घेतला त्याच्या पगारातून दमडीही कापली जात नसे. ज्याच्या डोळ्यांसमोर धागा तुटला तो दंड भरी. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप जवळजवळ सहा महिने चालला. त्याच्या मुळाशी दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती होती, मजुरीचे दर होते आणि असल्या दंडांचा संतापही होता. पुढे 1936 साली पगाराविषयीचा कायदा झाला आणि दंडाला व कपातीला मर्यादा आली. मालकाचे मन पालटले म्हणून ती आली नाही. लोकांनी बोलून, लिहून, पोटाला चिमटा घेऊन ती आणली.

दुसरे उदाहरण देतो. आमच्या कारखान्यात 'क्वालिटी सर्कल'चे वारे आले, तेव्हा डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचे नाव मी प्रथम ऐकले. हे गृहस्थ 1950 साली जपानला गेले आणि तिथल्या कारखानदारांना त्यांनी गुणवत्तेचे धडे दिले. त्यांच्या नावाचे पारितोषिक जपानात 1951 पासून देतात. आपल्या व्याख्यानांत ते एक खेळ करून दाखवीत. एका पेटीत चार हजार मणी, त्यांत आठशे तांबडे आणि बाकीचे पांढरे. पन्नास खळगे पाडलेली एक फळी पेटीत बुडवायची आणि वर काढायची. श्रोत्यांतल्या काहींना कामगार म्हणून उभे करायचे आणि बजावायचे, "पांढरे मणी हवेत, तांबडे नकोत." साहजिकच प्रत्येकाच्या फळीवर सरासरीने दहाएक तांबडे मणी यायचे. कोणाचे सहा, कोणाचे चौदा. सहावाल्याची पाठ थोपटायची, चौदावाल्याला सर्वांदेखत झापायचे. पुढच्या फेरीत सहावाल्याचे अकरा येत आणि त्याच्यावर "शेफारला" असा ठपका बसे. शेवटी काहींना कामावरून काढून टाकीत. सभा हसे. पण पेटीत तांबडे मणी कोणी मिसळले, हा प्रश्न त्या साऱ्या आरड्याओरड्यात कोणी विचारीत नसे. डेमिंग यांचे सांगणे असे की, कामातले बहुतेक दोष कामगाराचे नसतात, ते व्यवस्थेचे असतात, आणि व्यवस्था बदलणे केवळ व्यवस्थापनाच्याच हाती असते. नुसत्या आकड्यांची उद्दिष्टे लादू नका आणि कामाच्या जागेतून भीती हाकलून द्या, असेही ते सांगत.

आता या दोन गोष्टी मनात ठेवून आपण एका कंपनीत जाऊ. तिचे नाव मी घेणार नाही. नाव घेतल्याने एकीची बदनामी होते आणि बाकीच्या निवांत झोपतात. पुण्यातलीच कंपनी आहे. चाळीसएक माणसे कामाला, बहुतेक पंचविशी-तिशीतली. वर दोन डायरेक्टर, एक धंदा आणणारे साहेब आणि हिशेब पाहणारे एक नातेवाईक. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी तिथे तीन वर्षे होती. तिने आणि तिच्या सोबत्यांनी जे सांगितले ते मी मोबाईलवरचे निरोप आणि कागद पडताळून ऐकले आहे.

धंदा आणणाऱ्या साहेबांनी एका बिल्डरला महिन्याला तीनशे चौकश्या देण्याचे कबूल केले. हा आकडा कुठून आला? बिल्डर दुसऱ्या कंपनीकडे जाऊ पाहत होता आणि तिने अडीचशे सांगितले होते, म्हणून यांनी तीनशे सांगितले. ज्या मुलीला त्या चौकश्या आणायच्या होत्या, तिला हा आकडा करार झाल्यावर कळला. दुसऱ्या महिन्यात बिल्डरने जाहिरातीचा खर्च निम्म्यावर आणला. साहेबांनी मान डोलावली, पण तीनशेचा आकडा तसाच ठेवला. घाण्यात तीळ निम्मे आणि तेल मात्र पहिल्याइतकेच पाहिजे! तिसऱ्या महिन्यात त्या मुलीचे पान लाल झाले. सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर तिला विचारण्यात आले, "तुझी मेहनत कुठे कमी पडते आहे?" हा प्रश्नच मुळात खोटा होता.

दुसऱ्या एका ग्राहकाला वचन दिले गेले की तीन महिन्यांत तुमचे नाव गूगलवर सर्वांत वर आणून दाखवू. आता ही गंमत पाहा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहा, हे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवते. हे त्या कामावरच्या तेवीस वर्षांच्या मुलाला ठाऊक होते. ते त्याने साहेबांना सांगितलेही. त्याला उत्तर मिळाले, "तू नकारात्मक बोलतोस." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. पण इथे नाच कबूल करणारा एक, नाचणारा दुसरा, आणि अंगण खरोखरच वाकडे असताना ते तसे आहे म्हणणारा अपराधी!

दर सोमवारी नवे धोरण. एका सोमवारी चित्रफिती करा, दुसऱ्या सोमवारी लेख लिहा, तिसऱ्या सोमवारी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्या आणि माणसे कमी करा. मागच्या सोमवारच्या धोरणाचे काय झाले, हे विचारायला वेळ नाही. दोन जाणकार माणसे कंटाळून गेली. त्यांच्या जागी दोन शिकाऊ उमेदवार आले, आणि ज्या मुलीकडे सहा ग्राहक होते तिच्याकडे अकरा झाले. प्रत्येक ग्राहकाचा निराळा व्हॉट्सअ‍ॅप गट. रात्री बिल्डरला झोप येईना म्हणून तो गटावर प्रश्न टाकतो, आणि डायरेक्टर खाली तिचे नाव लिहून एक प्रश्नचिन्ह टाकतात. ते प्रश्नचिन्ह त्या मुलीच्या उशाशी रात्रभर जळत राहते.

बंधुभगिनींनो, या सगळ्यात खरी हानी कसली होते? पैशाची होतेच. पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. वर्षभरात ती मुलगी मनापासून मानू लागली की आपल्यातच काही कमी आहे. गिरणीतला विणकर दंड भरताना शिव्या तरी देत असे. सूत हलके आहे हे त्याला माहीत होते, शेजारच्या मागावरच्याला माहीत होते, सबंध खात्याला माहीत होते. इथे प्रत्येक जण कानांत यंत्र घालून आपल्याच लाल पानाकडे पाहत एकटा बसलेला. शेजारच्या मुलाचे पानही लाल आहे, आणि ते त्याच कारणाने लाल आहे, हे त्याला कळत नाही. एकटे पडलेले माणूस वरच्याचा दोष आपल्या पदरात घेते. माझ्या तीस वर्षांच्या कामातला हा एक धडा मी तुम्हांला छातीठोकपणे सांगतो.

म्हणून मी त्या मुलांना पहिली गोष्ट जी सांगितली, ती घोषणा नव्हती आणि संपही नव्हता. मी त्यांना दोनशे पानांची एक वही आणायला सांगितली. पानावर पाच रकाने पाडायचे. तारीख, काय ठरले, कोणी ठरवले, काम करणाऱ्याला आधी विचारले होते काय, आणि शेवटचा रकाना महिन्याने भरायचा, पुढे काय झाले. त्यात विशेषण लिहायचे नाही, शिवी लिहायची नाही. ग्राहकाची गुपिते लिहायची नाहीत. फक्त निर्णय लिहायचे. सहा जणांनी मिळून तीन महिने ही वही भरली. सहावा आधी भीत होता. पण आपल्या लाल पानाचे मूळ दुसऱ्याच्या ओळीत सापडले, तेव्हा तो सर्वांत नेमाने लिहू लागला.

तीन महिन्यांनी वही उघडून पाहिली. चौथ्या रकान्यात "नाही" हा शब्द इतक्या वेळा आला होता की बोट खाली सरकवत गेले तरी दुसरा शब्द लवकर लागेना. आणि जिथे "होय" होते, तिथे पाचव्या रकान्यात बहुतेक वेळा बरे काहीतरी लिहिलेले होते. त्या मुलांनी वहीची एक सुवाच्य प्रत काढून डायरेक्टरांपुढे ठेवली. डायरेक्टरांनी ती चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे लिहायला तुम्हांला कोणी सांगितले?" "हे खरे आहे काय?" असे त्यांनी विचारले नाही. त्या एका प्रश्नात सगळे व्यवस्थापन आले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोललो असे होईल. असल्या कंपनीचा मालक म्हणजे टाटा-बिर्ला नव्हे. तोही वरून दाबला जातो. ग्राहक तीन-तीन महिने पैसे देत नाही. फेसबुक, गूगल यांसारखे सावकार आपले नियम रातोरात बदलतात. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केले की लोकांना आपल्या मित्रांचा आणि घरच्यांचा मजकूर आधी दिसेल, धंद्याच्या पानांचा कमी दिसेल. झाले, अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत एका घोषणेने पातळ झाली. मापाचेच पाहा. 2016 साली फेसबुकला कबूल करावे लागले की, लोक चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा ते सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवीत होते. त्यावरून जाहिरातदारांनी दावा लावला आणि 2019 साली चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. वजनकाटा ज्याचा, त्याच्याच काट्यात खोट. आणि आमच्या मुलीची पगारवाढ मात्र त्याच काट्यावर तोललेली!

मालकाच्या या अडचणी मी नाकारीत नाही. पण अडचणीत असलेला माणूस काय करतो त्यावर त्याची पारख होते. ग्राहकाकडून पैसे येत नाहीत ना? लहान उद्योगांसाठी 2006 सालचा कायदा आहे. नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तो कायदा वापरून ग्राहकाशी भांडायचे सोडून आमचा मालक मुलांचा पगार पंधरा दिवस लांबवतो. कारण बिल्डरपुढे आवाज चढवायला छाती लागते, आणि पंचवीस वर्षांच्या मुलीपुढे ती लागत नाही. जिथे प्रतिकार सर्वांत कमी तिथे भार लोटायचा, याला मी व्यवस्थापन म्हणत नाही.

कायद्याबद्दल थोडे स्पष्ट सांगतो, कारण याविषयी शिकलेल्या मुलांचे अज्ञान पाहून मी थक्क होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. आम्हां युनियनवाल्यांचे त्यांच्याशी मोठे भांडण आहे आणि ते चालू राहील. पण जे पदरात आहे ते वापरले पाहिजे. नोकरीला लागताना नेमणूकपत्र मिळाले पाहिजे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. राजीनामा दिला असो वा काढून टाकले असो, देणे असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. पगाराची ही संहिता मॅनेजर म्हणवणाऱ्यांनाही लागू आहे. जिथे वीस किंवा अधिक कामगार आहेत, तिथे तक्रार निवारण समिती हवी आणि तीत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान हवेत.

इथे एक मखलाशी चालते. कामगार या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले आहेत. म्हणून या कंपन्या प्रत्येकाला मॅनेजर करून टाकतात. अकाऊंट मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, कम्युनिटी मॅनेजर. हाताखाली एक शिपाईसुद्धा नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, शंभर रुपये खर्चायची मुभा नाही, आणि नाव काय तर मॅनेजर! आईबाप हुरळतात, पेढे वाटतात. न्यायालये हुद्द्याच्या नावाला भुलत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करतो ते पाहतात. हे तत्त्व पक्के झालेले आहे. तेव्हा पाटी काहीही असो, आपण दिवसभर हाताने काय करतो ते लिहून ठेवावे.

रात्रीच्या निरोपांबद्दल फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कायदा लागू झाला. पन्नासहून अधिक माणसे असलेल्या कंपन्यांनी कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काबद्दल कामगारांशी वाटाघाटी कराव्या, असा त्याचा आशय. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्कासाठी लोकसभेत खाजगी विधेयक 2018 साली मांडले आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडले. खाजगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो. पण ज्या गोष्टीची कुजबुज होत होती ती लोकसभेच्या पटलावर गेली, हेही काही कमी नाही.

आता त्या कंपनीत शेवटी काय झाले ते सांगून टाकतो, कारण तुम्ही मनात तेच विचारीत असाल. फार मोठा विजय झाला नाही. आमची मुलगी आणि आणखी एक जण सोडून गेले. त्यांचा हिशेब अडवून धरला होता. युनियनच्या कागदावर कायद्याच्या कलमासह पत्र गेले आणि तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले. मागे राहिलेल्या चौघांनी वही चालू ठेवली. डायरेक्टरांनी दोन गोष्टी मान्य केल्या. ग्राहकाला आकडा सांगण्यापूर्वी काम करणाऱ्याची लेखी संमती घ्यायची, आणि रात्री आठनंतर कामाचा निरोप टाकायचा नाही. दुसरी गोष्ट महिनाभर पाळली आणि मोडली. पहिली अजून पाळली जाते आहे. का पाळली जाते? कारण त्यामुळे ग्राहक टिकू लागले. खोटे वचन न दिल्याने धंदा बुडत नाही, हे त्या साहेबांना वहीने शिकवले. ते शिकवायला त्यांच्या हाताखालची सहा मुले लागली, ही खेदाची गोष्ट आहे. तरी ते शिकले, ही आनंदाची.

समारोपाकडे वळतो. या सभागृहात तीन प्रकारचे श्रोते असतील. जे आईबाप आहेत त्यांना माझी विनंती आहे. मुलगी घरी येऊन गप्प बसली तर "आमच्या वेळी आम्ही बारा-बारा तास राबलो" हे पुराण लावू नका. तुझ्या कचेरीत निर्णय कोण घेतो आणि तुला विचारून घेतो काय, एवढेच विचारा. तिला पुष्कळ बोलायचे असते. जे तरुण आहेत त्यांना सांगतो की, नोकरी सोडण्याआधी शेजारच्या टेबलावरच्याशी बोला. सात जण एकत्र आले तर युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्याला तुमच्यापैकी किमान दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी ती, एवढे पाठबळ मात्र हवे. कर्नाटकात आय.टी.वाल्यांची युनियन 2017 साली उभी राहिली, तेही तुमच्यासारखेच पदवीधर होते. आणि जे मालक, डायरेक्टर असतील त्यांना हात जोडून सांगतो, भिंतीवर मुलांच्या आकड्यांचा तक्ता लावता तसा स्वतःच्या निर्णयांचाही एक तक्ता लावा. कोणते वचन दिले, कोणाला विचारून दिले, फळ काय मिळाले. सहा महिने लावून पाहा. तांबडे मणी पेटीत कोण घालतो, ते तुमचे तुम्हांलाच दिसेल.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी केला. त्यातल्या मागण्या वाचा. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुटी मिळायला 10 जून 1890 हा दिवस उजाडावा लागला. सहा वर्षे गेली. आज बाणेरच्या वातानुकूलित इमारतीत बसलेली मुलगी तेच दोन शब्द मागते आहे. माझा पगार वेळेवर द्या आणि माझा रविवार मला द्या. तिने त्यात तिसरी एक मागणी जोडली आहे, आणि ती जोडण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. ज्या निर्णयाचे ओझे मी वाहणार, तो घेताना मला विचारा.